सातवा हात

हरिबाच्या खालच्या पट्टीतल्या उसाला तुरे फुटले होते. लांबून बघणाऱ्याला ते देखणं वाटायचं, मोबाईलवर फोटो काढण्यासारखं. ऊसवाल्याला मात्र ते बघवायचं नाही. तुरा आला की ऊस आतून पोकळ पडतो, वजन घटतं. शेजारच्या रानांतल्या तोडी होऊन गेल्या, पाचट पेटवून झालं, पुन्हा फुटणाऱ्या खोडव्याला पाणीसुद्धा फिरलं. मार्च उजाडला तरी हरिबाचा एकट्याचा फड उभा होता. रोज सकाळी तो बांधावरनं एक ऊस मोडायचा, दातानं सोलून चावायचा आणि थुंकायचा.

"भेंड झालाय गं नुसता," घरी येऊन तो बायकोला, शालूबाईला सांगायचा. सांगायचा अशा आवाजात, की जणू तिनंच रात्रीतून जाऊन उसातला रस काढून नेलाय.

कारखान्याच्या गट ऑफिसात हेलपाटे मारून त्याच्या चपलेचा अंगठा तुटला होता. तोडीचं बघणारा चिटबॉय रोज नवीन सांगायचा. टोळ्याच आल्या नाहीत, ट्रॅक्टर बंद पडलाय, उद्या बघू. आणि हरिबाच्या डोळ्यांदेखत टोळ्यांच्या बैलगाड्या दुसऱ्याच्या रानात वळायच्या. शेवटी एक दिवस त्या पोरालाच दया आली.

"तात्या, तुमी हितं कशाला झिजताय? तुमची तोड गावातच अडकलीया. भाऊसोंकडं जावा."

हरिबाला ते आधीच कळलेलं होतं. फक्त दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं राहिलं होतं.

उंब्रजपासून आत, डोंगराच्या कुशीला असलेल्या या गावात भाऊसोंना विचारल्याशिवाय काही होत नसे. वीस वर्षं ग्रामपंचायत त्यांच्या गटाकडे होती आणि कारखान्यात त्यांचा शब्द चालायचा. मग सरपंचपद बाईसाठी राखीव पडलं. आपल्याच गटातली एक गरीब बाई बसवावी आणि कारभार आपण करावा, असा भाऊसोंचा हिशेब होता. त्यांनी रंगूबाई निवडली. इथंच ते चुकले. रंगूबाईचा नवरा फौजेत होता, तो जिवंत होता तोवर ती झाशी, जालंधर असं फिरली होती. साहेब लोकांपुढं तिची जीभ टाळ्याला चिकटत नसे, वेळ पडली तर हिंदीतसुद्धा ठणकावायची. पाण्याची सरकारी योजना मंजूर झाली तेव्हा विहीर आपल्या नदीकाठच्या मळीच्या रानात पाडावी, असं भाऊसोंनी सांगून पाठवलं. रंगूबाईनं ती गायरानात पाडली. शिवाय पहिली पाईप माळावरच्या वस्तीला न्यायचा ठराव केला.

शालूबाईचं घर त्याच वस्तीत. खाली नदीकाठच्या उसाला लिफ्टचं पाणी पोचायचं, वर राहणाऱ्या माणसांना मात्र प्यायला मिळायचं नाही. उताराच्या पायथ्याला एक हापसा, तोही माघ सरला की धाप लागल्यासारखा वाजायचा. शालूबाईनं तीस वर्षं तिथनं पाणी वाहिलं. आता तिच्या सुनेच्या, अंकिताच्या डोक्यावर घागर गेली होती. अंकिताला सहावा महिना होता आणि तिचा नवरा, शालूबाईचा पोरगा जयराज, फौजेत पठाणकोटला पोस्टिंगवर.

वस्तीची जागा बायकांना सुटली म्हणून शालूबाई मेंबर झाली होती. हरिबानं अर्ज आणला, तिनं सही केली, एवढंच. पण रंगूबाईनं तिला हाताशी धरलं. दोघी जन्मभर एका सरीला भांगलण केलेल्या. रंगूबाई सरपंच झाली त्या दिवशी दोघी पालीला खंडोबाच्या पायरीवर गेल्या आणि बेलभंडार उचलून बोलल्या, की माळावर पाणी येईपर्यंत एकमेकीला सोडायचं नाही. आमच्या भागात कागदावरची सही मोडली तर माणूस वकील बघतो. बेलभंडार मोडायचा म्हटलं की त्याला झोप लागत नाही.

पाईपांसाठीचा चर शाळेपर्यंत खणून झाला होता. पुढच्या पाईपा वस्तीवर येऊन पडल्या होत्या. आणि नेमका तेव्हाच भाऊसोंच्या गटानं तहसीलदाराकडं रंगूबाईवर अविश्वासाचा ठराव दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊसोंचा पुतण्या दिग्विजय जीप घेऊन वस्तीवर आला. पोरगा गोरागोमटा, पांढरे कपडे, बोलायला लोण्याहून मऊ. बाजल्यावर बसला, पाणी मागितलं आणि तांब्यातलं निम्मं पाणी चूळ भरून अंगणात टाकलं. अंकिता दारातनं ते बघत होती.

"तात्या, टोळी उद्या येती. वीस कोयत्यांची. भाऊसो म्हनलं, हरिबाचा ऊस वाळतोय आन आपुन बसलोय, बरं दिसत न्हाई."

हरिबाचा चेहरा उजळला. "लय उपकार झालं."

"उपकार कसलं? आन काकी, तुमी जरा कोकनात फिरून या. समदी मेंबरं निघाल्यात. समुद्र बघा. जलमभर रानातच वाकलाय." मग त्यानं आवाज खाली आणला. "ठराव पास व्हायला सात हात लागत्यात नवातलं. खुर्ची बाईची हाय म्हनून सरकारनं सात केलंत, न्हाईतर सा बास हुते. सा आमच्याकडं हायती. सोमवारी मीटिंग. सातवा हात तुमचा."

शालूबाई चुलीपुढं होती. ती उठली नाही. "मला न्हाई जमायचं. रंगूआक्काबरुबर मी पालीला भंडारा उचललाय."

दिग्विजय हसला. "काकी, देव काय सरपंचाचा गुलाम हाय व्हय?"

तो अंगणात फोन लावायला गेला तसा हरिबा चुलीजवळ येऊन बसला. कधी नाही ते त्यानं बायकोच्या हातातली फुंकणी घेतली आणि जाळ फुंकला.

"जा गं. चार दिस तर हायती. ऊस जळाला तर खायाचं काय?"

"आन पानी?"

"पानी आज न्हाई उद्या येतंय. ऊस उद्या येत न्हाई."

"आन पालीचं?"

"देवाचं मी बघतो," हरिबा म्हणाला.

त्याच दुपारी शालूबाई पिशवीत एक लुगडं घेऊन जीपमध्ये बसली. रंगूबाईच्या दारावरनं गाडी गेली तेव्हा तिनं खाली वाकून चप्पल नीट केली. चप्पल नीटच होती.

कुंभार्ली घाट उतरताना तिला दोनदा ओकारी झाली. समुद्राकाठी हॉटेल होतं. पोचल्या पोचल्या दिग्विजयनं सगळ्यांचे मोबाईल एका पिशवीत गोळा केले, "चार्जिंगला लावतो" म्हणाला. बायकांना एकाच रंगाच्या पोपटी साड्या दिल्या. त्या नेसून शालूबाई धरून तिघी मेंबरणी बाहेर आल्या तेव्हा कुठल्यातरी शाळेच्या पोरींसारख्या दिसत होत्या, फक्त पायांना भेगा होत्या. तिथल्या संडासाची खुर्ची शालूबाईला जमेना. पहाटे उठून ती बाहेर झाडोऱ्याकडं निघाली, तर ड्रायव्हर मागनं आला.

"काकी, कुठं?"

जयराजच्या वयाचा पोरगा. त्याला काय सांगायचं? ती पुढं चालायला लागली, तसा तोही मागनं चालतच राहिला. शेवटी तिनं सांगितलं. तो पाठ करून, पण तिथंच उभा राहिला. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला त्या दिवशी दिवसभर कुणाच्या तोंडाकडं बघवलं नाही.

ताटात सुरमई यायची, पुरुष मेंबर दोन-दोन तुकडे मागून घ्यायचे, रात्री मोठमोठ्यानं हसायचे. शालूबाई भात आणि डाळ कालवायची आणि घास गिळायची. तिला एकच घोर, टोळी आली का. दुसऱ्या दिवशी तिनं दिग्विजयला विचारलं. त्यानं लगेच मोबाईल काढून चिटबॉयनं पाठवलेला व्हिडिओ दाखवला.

तिचाच फड होता. कोयते चालले होते, ऊस आडवा पडत होता. ट्रॅक्टर भरत होता. तिच्या छातीवरचा दगड उतरला. मग बांधावरनं अंकिता येताना दिसली, डोक्यावर घागर, एक हात कमरेवर. तोडकऱ्यांना पाणी द्यायला हवंच, देणार कोण दुसरं? शालूबाईनं मोबाईल डोळ्यांजवळ धरला. अंकिताच्या पुढं कोणीतरी एक बाई आडवी झाली आणि तिनं तिच्या डोक्यावरची घागर उतरवून घेतली. पदर कमरेला खोचलेला. मग त्या बाईनं घागर खाली ठेवली आणि खाली बसून गुरांसाठी वाढ्याच्या, उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधायला लागली.

चालण्यावरनंच ओळखली तिनं. रंगूबाई होती.

"बगितलं न्हवं?" दिग्विजयनं मोबाईल खिशात टाकला. त्याला वाढं बांधणारी बाई दिसलीच नव्हती. बांधावर बसून वाढं बांधणारी बाई सरपंच असेल, असं त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"आज निम्मा फड झाला," तो म्हणाला. "निम्मा सोमवारनंतर. टोळी तितंच हाय, कुटं जात न्हाई."

शालूबाई खोलीत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडली. रंगूबाईला कळलं नसेल असं नव्हतंच. गाव एवढंसं, मेंबरं कुठं गेली आणि कशाला गेली हे शेंबडं पोरही सांगेल. कळूनसुद्धा ती बांधावर आली, गरोदर पोरीच्या डोक्यावरनं घागर उतरवली. शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. हे कसं सोसायचं? तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की शेजारच्या मेंबरणीनं हाक मारली तरी तिनं झोपेचं सोंग घेतलं. आणि तिथंच, त्या परक्या गादीवर, तिनं ठरवलं. ऊस जळू दे. हात वर करायचा नाही.

रविवारी सकाळी सगळ्यांना एका खोलीत बोलावलं. भिंतीवर गणपतीचा फोटो. दिग्विजयनं खिशातनं प्लास्टिकची पुडी काढली, त्यात भंडारा आणि सुकलेलं बेलाचं पान. एकेकानं उचलून शपथ घ्यायची. शालूबाईनं पुडीकडं नीट बघून घेतलं. किराणा दुकानातली हळद, दुसरं काय. ना देऊळ, ना आंघोळ, रात्रीच्या माशाचा वास अजून खोलीत. असल्या हातानं दिलेला भंडारा कसला लागतोय? देव काय एवढा बिनडोक आहे? तिला उलट बरंच वाटलं. आपण उचलू, हे समाधानात राहतील, आणि उद्या आपला हात आपल्या मांडीवर.

"म्हना काकी," दिग्विजय सांगत होता. "सोमवारी हात वर न्हाई केला, तर सुनंच्या पोटातल्या बाळाची आन."

ती क्षणभर अडखळली. मग पुडीकडं पुन्हा बघितलं आणि भरभर म्हणून टाकलं.

सोमवारी परतताना घाट चढून गाडी पाटणच्या पुढं आली. दिग्विजय खुशीत होता, सगळ्यांना चहा पाजला. गाडीत बसता बसता सहज म्हणाला, "काकी, तात्या मात्र खरा मानूस हां. आपुन निघायच्या आदीच पार पालीला मोटरसायकलवर गेलं, पुजाऱ्याकडनं सोता भंडारा आन बेल आनून दिला माज्याकडं. म्हनलं, आमची मंडळी दुसरा भंडारा मानायची न्हाई."

शालूबाईच्या हातातला चहा साडीवर सांडला. पोपटी रंगावर तपकिरी डाग पसरत गेला.

"भाजलं का?" ड्रायव्हरनं विचारलं.

"न्हाई," ती म्हणाली.

देवाचं मी बघतो, म्हणाला होता. बघितलं त्यानं. तीस वर्षं संसार केलेल्या माणसाला बायको कुठं अडेल आणि कशानं वाकेल हे पुरतं ठाऊक होतं. त्याचा राग येईना तिला, राग येत होता तो स्वतःच्या चलाखीचा. देवाला फसवायला निघालेली आपण, आणि बोललो काय, तर न जन्मलेल्या लेकराची आण. दोन्ही भंडारे पालीचेच. एक मोडला तर रंगूबाई जाते, दुसरा मोडला तर... पुढचं तिनं मनातसुद्धा पुरं केलं नाही.

गाडी घरी न जाता थेट ग्रामपंचायतीपुढं थांबली. पोलीस होते, गर्दी होती. गर्दीत हरिबा होता. त्यानं मान हलवली, तिनं बघितलं नाही.

आत लांब टेबल. तहसीलदार मधे बसले होते. रंगूबाई आपल्या खुर्चीवर, हातावरच्या वाढ्याच्या चिरा अजून ताज्या. शालूबाई आत येताना तिनं बघितलं आणि नेहमीसारखी थोडी सरकून शेजारी जागा केली. शालूबाई टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, दिग्विजयनं दाखवलेल्या खुर्चीवर जाऊन बसली.

तहसीलदारांनी ठराव वाचला. सरपंचांना काही बोलायचंय का, विचारलं.

रंगूबाई उठली. "मला माज्याबद्दल काय बोलायचं न्हाई सायेब. माळावर पाईपा उगड्या पडल्यात. उन्हाळा मोप हाय, उनानं तडकतील. जो कोन या खुर्चीवर बसंल, त्यानं आधी त्या मातीआड कराव्यात. एवडंच." ती बसली.

"मतदान हात वर करून घेऊ," तहसीलदार म्हणाले. "कुणाची गुप्त मतदानाची मागणी असेल तर आत्ताच सांगा."

पंखा फिरत होता. कोणी बोललं नाही. रंगूबाईनं एकदाच मान वर करून शालूबाईकडं बघितलं. तिच्या बघण्यात राग नव्हता, वाट बघणं होतं. फक्त ‘गुप्त’ एवढा एक शब्द बोलायचा होता. चिठ्ठीवर खूण काय केली हे माणसांना कळणार नव्हतं. देवाला कळलं असतं, पण देवाशी नंतर भांडता आलं असतं. शालूबाईनं ओठ ओले केले. दिग्विजयनं गाडीत बजावलं होतं, गुप्त मागणारा फुटला असं आम्ही समजणार. खिडकीतनं तिला हरिबाची टोपी दिसत होती. ती बोलली नाही.

"ठरावाच्या बाजूनं असणाऱ्यांनी हात वर करा."

सहा हात झटकन वर गेले. शालूबाईचा हात टेबलावरनं उचलला, कोपरात अडकला, खांद्यापर्यंत येऊन थांबला. पदर सारखा करायला उचलावा तसा.

तहसीलदार मोजत होते. तिच्यापाशी येऊन थांबले.

"बाई, हात वर आहे की खाली? नीट वर करा, मला मोजता यायला पाहिजे."

सगळे तिच्याकडं बघायला लागले. फक्त रंगूबाईनं मान खाली घातली. शालूबाईची अब्रू आपण तरी बघायची नाही, असं ठरवल्यासारखी. शालूबाईनं हात पुरा वर केला. बांगड्या घसरून कोपरापर्यंत आल्या. भरलेली घागर जो हात सहज उचलायचा, तो आज रिकामाच वर गेला होता.

"सात," तहसीलदार म्हणाले.

बाहेर हलगी कडाडली. रंगूबाईनं कागदावर सही केली, पेनाचं टोपण लावून पेन तहसीलदारांना परत दिलं आणि मागच्या दारानं गेली. दिग्विजयनं मूठभर गुलाल आणून शालूबाईच्या तोंडाला, केसांना, मानेला फासला. "सातवा हात!" कोणीतरी ओरडलं आणि पोरांनी शिट्ट्या मारल्या. तिला उघड्या जीपमध्ये पुढं उभी केली. मिरवणूक गावातनं फिरून माळाकडं वळली. "नको रं, वस्तीवर नको," ती दोनदा म्हणाली. हलगीत कोणाला ऐकू गेलं नाही.

हापशावर बायकांची रांग होती. जीप जवळ आली तशी हापसा मारणारी थांबली. कोणी शिवी दिली नाही, कोणी थुंकलं नाही. रांगेत अंकिता होती. तिनं सासूला ओळखलं आणि तोंड फिरवून रिकामी घागर उगीचच विसळायला लागली.

शालूबाई घरी उतरली. हरिबा रानाकडं पळाला होता, टोळी उरलेल्या फडात शिरली होती. न्हाणीत जाऊन तिनं हंड्यात तांब्या बुडवला आणि तोंडावर मारला. गुलाल धुऊन जायच्या ऐवजी ओला होऊन आणखी लाल झाला. तिनं साबण लावला, दुसरा तांब्या घेतला. मग तिसरा. मोरीतनं लाल ओघळ अंगणात गेला. घासून घासून गाल चुरचुरायला लागले. चौथ्यांदा तिनं तांब्या बुडवला तेव्हा तो हंड्याच्या बुडाला ठणकन वाजला.

अंकिता घागर उतरवून दाराशी उभी होती. श्वास लागलेला. ती रागानं बोलली नाही. रोज बोलायची तशीच बोलली.

"आत्या, पानी जरा बेतानं. सांजच्या सैपाकाला तेवडंच हाय. टोळीलाबी द्याचंय."

शालूबाईनं तांब्या खाली ठेवला. निम्मं तोंड धुतलेलं, निम्मं तसंच.

"तू बस," ती म्हणाली. "मी जाते हापशावर."

अंकिता तिच्या तोंडाकडं बघत राहिली. शालूबाईचा हात आपोआप गालाकडं गेला आणि बोटं लाल होऊन परत आली. असल्या तोंडानं ती त्या रांगेत उभी राहू शकणार नव्हती, आज नाही आणि उद्याही नाही. तिनं घागरीसाठी पुढं केलेला हात मागं घेतला.

अंकितानं आणलेलं पाणी हंड्यात ओतलं, चुंबळ डोक्यावर सारखी केली, रिकामी घागर उचलली आणि पोट सांभाळत पुन्हा उतार उतरायला लागली.